सतरा की एकोणीस

जुळ्यानं "एकोणीस इंच" असं उत्तर दिलं तेव्हा मी चहा पीत होते. कप मी इतक्या जोरात खाली ठेवला की बशीचा टवका उडाला.

"परत विचार त्याला," मी निहालला म्हणाले.

"आत्या, ऐंशी हजार वेळा विचारून झालंय. एका तासात तेवढ्या शर्यती पळवल्यात त्यानं. पहिला नंबर एकोणिसाचा."

"आणि माझ्या सोळाचा?"

निहाल पडद्यावरच्या चाक, टायर आणि हवेच्या वेगवेगळ्या जुळण्यांच्या यादीवर बोट फिरवत बराच खाली गेला. "एकतिसावा."

मी अनुराधा सुतार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शर्यतीच्या गाड्यांची चाकं करते. ओतते, घासते, तोलून बघते. कुठल्या गाडीला किती इंचाचं चाक लावायचं हे पंचवीस वर्षं मी ठरवत आले. मग जुळं आलं आणि लोकांनी मला विचारायचं बंद केलं. राग आला का? आला. अजून येतो. या हकिकतीत तो जागोजागी दिसेल, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

निहाल शेडबाळे हा आमच्या 'ऐरण' संघाचा अभियंता. जुळ्याची सगळी देखभाल त्याच्याकडे. गाडी चालवते ती माझी भाची शर्वरी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. गेल्या दिवाळीत त्या दोघांचा साखरपुडा झाला, तेव्हापासून निहालही मला आत्या म्हणतो आणि मी त्याच्यावर हक्कानं ओरडते.

जुळं म्हणजे काय ते सांगायला हवं. टायरच्या आतल्या बाजूला कागदाइतकी पातळ फिल्म चिकटवलेली असते. गाडी कितीही मोठी असो, ती रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या जागेत. त्या जागेवर क्षणोक्षणी किती दाब येतोय, रबर किती ताणलंय, किती तापलंय, हे ती फिल्म सांगत राहते. ही वर्षभराची माहिती, चालकाच्या हातापायांच्या सवयी आणि लेझरनं घेतलेला रस्त्याचा नकाशा एकत्र केला की संगणकात तीच गाडी, तोच चालक आणि तोच रस्ता उभा राहतो. म्हणून त्याला जुळं म्हणतात. त्यानं सांगितलेली वेळ आणि प्रत्यक्ष लागलेली वेळ यात फार तर पाव सेकंदाचा फरक पडतो.

पाव सेकंद म्हटल्यावर शर्यतींची दुनियाच बदलली. सराव बंद झाला. घाट चार दिवस कशाला अडवायचा, टायर कशाला झिजवायचे, ज्याला सराव हवा त्यानं जुळ्यात बसून करावा, असा नियम झाला. सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून चालकानं शर्यतीआधी घाटात पाऊलही टाकायचं नाही. तो खरा रस्ता पहिल्यांदा बघतो ते थेट शर्यतीच्या एकुलत्या एका फेरीत. आणि जुळ्यानं सांगितलेलं चाक लावायचं नसेल, तर चालकानं नकारपत्रावर सही करायची. म्हणजे पुढं काहीही झालं तरी जबाबदार तो एकटा. सहा वर्षांत, २०४३ सालच्या त्या फेब्रुवारीपर्यंत, एकाही चालकानं ती सही केली नव्हती.

आमची शर्यत होती करंजाई घाटात. सहा किलोमीटरचा चढ, चौदा वळणं.

लोकांना वाटतं, चाक जितकं मोठं तितकी गाडी जोरात. तसं नसतं. टायरचा बाहेरचा घेर साधारण तेवढाच ठेवावा लागतो, त्यामुळं आतली धातूची रिम मोठी केली की रबराची भिंत बुटकी होते. बुटकी भिंत वळणावर लवत नाही, स्टिअरिंग हलवलं की गाडी लगेच वळते. मोठ्या रिमच्या पोटात ब्रेकची मोठी थाळीही मावते. हे फायदे खरेच आहेत. पण रिम मोठी झाली की वजन कडेला जातं, आणि कडेचं वजन दोनदा छळतं. ते पुढंही ढकलावं लागतं आणि गरागरा फिरवावंही लागतं. शिवाय चाक असतं स्प्रिंगच्या खाली. रस्ता उंचसखल असला की जड चाक उडतं आणि परत टेकायला वेळ लावतं. तेवढा वेळ तुमच्या हातात स्टिअरिंग आहे एवढंच समाधान, बाकी काही नाही.

"चढावर ब्रेकचं निम्मं काम घाटच करतो," मी निहालला म्हणाले. "मोठी थाळी कशाला पाहिजे तुला?"

"जुळ्याला ते माहीत आहे, आत्या. ते धरूनच एकोणीस आलंय. रस्ता गुळगुळीत आहे, सहाच्या सहा किलोमीटर."

"घाटातला रस्ता? उसाच्या हंगामात? गुळगुळीत?"

तेवढ्यात संघाचे मालक दौलतराव मगदूम आत आले. शांत माणूस, आवाज कधी चढवत नाही, त्यामुळं जास्त भीती वाटते. शर्वरी त्यांच्या मागोमाग होती.

"अनुताई, एक स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "करंजाई जिंकली तर पुढचा हंगाम शर्वरीचा. नाही जिंकली तर सीट नाशिकच्या मुलाला. तो हिच्यापेक्षा चार दशांशानं पुढं आहे असं जुळं म्हणतंय. मी काय करू? पुरस्कर्ते तेच आकडे बघतात."

आठ वर्षांची असल्यापासून शर्वरी गाडी पळवतेय. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते तेव्हा मीच तिला लाकडाचे ठोकळे करून दिले होते. आता ती चोवीस वर्षांची होती, आणि चार दशांश सेकंदानं तिचं सगळं आयुष्य अडवून धरलं होतं. राज्यात संघ पाच. एकदा सीट गेली की परत कुणी बोलवत नाही, जुळ्याचे आकडे सगळ्यांकडं तेच असतात.

मगदूम गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "आत्या, तुझ्याकडं पुरावा काय हाय?" (आमच्याकडं मुलीही 'मी करतो, मी येतो' असंच बोलतात, पुढं ते ऐकून कुणी दुरुस्ती करू नये.)

"पंचवीस वर्षांचा अनुभव."

"ते पडद्यावर दिसत न्हाई ग. मला दिसंल असं काहीतरी आण. तुम्ही दोघं दिवसभर भांडताय, गाडी मी चालवतो. चुकलं तर दरीत मी जातो."

खरं होतं ते. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन एसटी स्टँडवर गेले. ही माझी जुनी रीत. बसच्या अगदी मागच्या बाकावर, बरोबर चाकावर बसायचं, मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या धरायचा आणि पाणी कुठं सांडतं ते वहीत लिहायचं. रस्त्याची नाडी अशी कळते. चालकाला घाटात बंदी होती, चाकवालीला नव्हती. बघते तर निहाल माझ्या आधीच येऊन उभा.

"शर्वरीनं पाठवलं," तो पडेल आवाजात म्हणाला. "आत्याबरोबर गेला नाहीस तर लग्नाचं विसर म्हणाली."

"मग धर तांब्या," मी म्हणाले.

घाट सुरू झाला. पहिली तीन वळणं पाण्याचा थेंब हलला नाही. निहाल माझ्याकडं बघून हसला. चौथं वळण संपलं आणि बस अशी काही डचमळली की निम्मा तांब्या त्याच्या पॅंटवर. सातव्यानंतर तेच. नवव्यानंतर तांब्याच हातातून सुटला. कंडक्टर बाई तिकिटं फाडत मागं आल्या आणि त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "सायेब, टाकी भरली वाटतं?" सगळी बस हसली. निहाल मात्र हसला नाही. तो खिडकीतून मागं सरकणारा रस्ता बघत होता.

"हे शक्यच नाही," तो पुटपुटला. "हा रस्ता मिलिमीटरमध्ये मोजलाय."

नवव्या वळणावर करंजाईवाडी आहे. तिथं आम्ही उतरलो. रस्त्याकडेला चहाचं हॉटेल होतं, ते चालवणाऱ्या मालनबाई खोत याच गावच्या सरपंच. निहालनं त्यांना विचारलं, दिवाळीनंतर इथं लेझरची गाडी आली होती का?

"आली की!" मालनबाईंचा चेहरा फुलला. "चार दिस खपत होतो आमी तिच्यासाठनं. आख्खा गाव लावला कामाला, वरच्या-खालच्या वाडीलाबी निरोप दिला. समद्या खड्ड्यांत मुरूम भरला, वर चाळलेली माती टाकली, पाणी मारलं, रोलर फिरवला. नुसता आरसा केला बघा रस्त्याचा."

"का?" निहालचा आवाज चिरका झाला होता.

"का म्हंजे? गावात पाव्हणं येनार, त्यास्नी उखणलेलं अंगण दावायचं व्हय? त्या गाडीतली पोरगी म्हनली, असा रस्ता कुठं बघितला न्हाई. फोटो काढून न्हेला माझा."

"आणि मग?"

"मग आठ दिसांत ऊस सुरू झाला. खाली कारखान्याला जानाऱ्या डबल ट्रॉल्या. उतारावर वळणाच्या अलीकडं ब्रेक दाबत्यात, तितं डांबराच्या लाटा झाल्यात नुसत्या. आमचा मुरूम कवाच उडाला."

मी निहालकडं बघितलं. खाली उतरणारी ट्रॉली वळणाच्या अलीकडं ब्रेक दाबते. म्हणजे वर चढणाऱ्या गाडीला त्या लाटा लागतात वळण संपल्या संपल्या, जिथं चालक पूर्ण ताकद लावतो नेमकं तिथंच. तिथं चाक हवेत उडालं तर मोटारची सगळी ताकद वाया, आणि नशीब वाईट असेल तर गाडी कठड्यावर.

निहाल रस्त्यावर पालथा पडला आणि टेप लावून लाटा मोजायला लागला. येणाऱ्या ट्रॉल्या थांबवायला मालनबाई स्वतः झेंड्यासारखा पदर हलवत मध्ये उभ्या राहिल्या. चौथं, सातवं, नववं आणि वरचं अकरावं, अशा चार वळणांवर आम्ही असं मोजलं. परत येताना तो एवढंच म्हणाला, "जुळं खोटं बोललं नाही, आत्या. आपणच त्याला पाहुण्यासारखं वागवलं."

त्यानं ती मापं त्याच दुपारी आयोजकांना कळवली. उत्तर अर्ध्या तासात आलं: नकाशा मंजूर झालेला आहे, बदल होणार नाही. मग त्यानं जुळ्याची एक प्रत काढली आणि तिच्यात आमच्या लाटा भरल्या. हे उत्तर अधिकृत धरलं जाणार नव्हतं. कागदावर एकोणीसच राहणार होतं. पण आम्हाला खरं काय ते कळणार होतं.

तासाभरानं यादी आली. एकोणीस घसरून बाविसावं झालं होतं. मी टाळी वाजवायला हात वर केले आणि ते तसेच राहिले. पहिल्या नंबरवर सोळा नव्हतं. सतरा होतं.

"सोळा सहावं," निहाल हळूच म्हणाला. "लाटांवर ते सगळ्यात चांगलं आहे. पण पाचवं, सहावं आणि बारावं वळण अगदी आवळ, गर्रकन वळणारं आहे. तिथं सोळाच्या टायरची उंच भिंत लवते, गाडी वळायला उशीर करते. लाटांवर कमावलेलं तिथं जातं."

"तुझं यंत्र आंधळं आहे."

"आत्या, आता तर ते तुमच्याच तांब्यानं बघतंय."

मी तरातरा माझ्या शेडमध्ये गेले आणि दार लावून बसले. फळीवर सोळा इंचाची रिम होती, माझ्या हाताखालून शर्यतीत उतरलेली पहिली. त्या चाकानं आम्ही आठ घाट जिंकले होते. ती मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले आणि स्वतःला विचारलं, अनुराधा, तू सोळा का म्हणतेस? रस्त्यामुळं, की हिच्यामुळं? उत्तर मला आवडलं नाही. जुळ्याला गावानं खोटा रस्ता दाखवला होता. मला कुणी दाखवला नव्हता, मी डोळेच मिटले होते. लाज वाटली. थोडं रडूही आलं, ते कबूल करते.

मग तोंड धुऊन बाहेर आले. सतरा इंचाचे घडीव ठोकळे माझ्याकडं चार होते. दोन दिवसांत लेथवर त्यांची चाकं काढायची, तोल बघायचा, ब्रेकची लहान थाळी बसवायची. निहालला अॅप्रन दिला आणि म्हणाले, "पडदा बंद कर. धातूला हात लाव आता." पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला चार फोड आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता चौथं चाक तयार झालं.

सहाला आयोजक चाकं सील करणार होते, त्यानंतर बदल चालत नाही. मगदूम नकारपत्र घेऊन आले आणि शर्वरीपुढं टेबलावर ठेवलं.

"मी अडवत नाही," ते म्हणाले. "पण सही करून हरलीस तर माझी सीट तर जाईलच, दुसराही कुणी दारात उभं करणार नाही. यंत्राचं न ऐकणारी म्हणून नाव होईल."

शर्वरीनं पेन उचललं आणि निहालला विचारलं, "तू काय म्हणतोस?"

"माझं अधिकृत उत्तर एकोणीस आहे," तो म्हणाला. त्याचे हात फडक्यात गुंडाळलेले होते. "आणि तू माझं माणूस आहेस म्हणून सांगतो, सतरा लाव."

"हे सगळ्यांसमोर म्हणतोस? नोकरीवर येईल तुझ्या."

"येऊ दे."

मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. "आत्या, तू सोळा सोडलंस?"

"सोडलं."

"खरंच? मनापासनं?"

"सोडलं म्हटलं ना ग!"

ती खुदकन हसली. "मग करतो सही. तुझं मत बदललेलं मी जन्मात बघितलं न्हाई. आत्यानं सोळा सोडलं म्हणजे घाटात नक्की काहीतरी हाय."

आणि तिनं झोकात सही ठोकली.

शर्यतीच्या सकाळी पायथ्याशी पाच संघांच्या मिळून अकरा गाड्या होत्या. दहांना एकोणीस, एकीला सतरा. आमच्या चाकांकडं बघून शेजारच्या संघाचा एकजण म्हणाला, "काय मावशी, पोरीच्या सायकलची काढून लावली का?" मी त्याला म्हणाले, "वर जाऊन ये, मग बोलू."

पहिली गाडी सुटली. जुळ्यानं तिची वेळ सांगितली होती तीन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. ती वर पोचली तीन मिनिटं चोपन्नला. दुसरीची रिम सातव्या वळणानंतर तडकली, बिचारी बाजूला जाऊन थांबली. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांचं तेच. गाड्या वळणातून बाहेर पडत आणि उंडारल्यासारख्या नाचत. चालक घाबरून पाय मागं घेत. अभियंते पडद्यावर बोटं आपटत होते, जणू पडद्यात काही अडकलंय. दहावी गाडी संपली तेव्हा सगळ्यात चांगली वेळ होती तीन मिनिटं बावन्न.

शेवटी शर्वरी. दिवा हिरवा झाला, मोटारचा तो बारीक सूर चढत गेला आणि ती पहिल्या वळणाआड गेली. आता माझ्या हातात फक्त आकडे होते. निहाल एकेका वळणाची वेळ मोठ्यानं वाचत होता. तिसऱ्या वळणाला ती बाकीच्यांपेक्षा दोन दशांशानं मागं होती.

"गुळगुळीत आहे तिथं मागंच राहणार," निहाल म्हणाला. "थांबा."

चौथं वळण. दीड सेकंद पुढं.

"पाय काढला नाही तिनं!" तो ओरडला. "लाटांवरनं पूर्ण ताकदीनं गेली!"

पाचवं, सहावं, ती आवळ वळणं. मी डोळे मिटून घेतले. सोळा लावलं असतं तर इथंच सगळं गेलं असतं, आणि ते माझ्यामुळं गेलं असतं. "काहीही गेलं नाही," निहाल म्हणाला. सातवं, चार सेकंद पुढं. नववं, सहा. वरून, दूर डोंगरातून, करंजाईवाडीच्या हलगीचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज खालपर्यंत आला. अकरावं, आठ. मग तीन वळणं उरली.

पडद्यावर आकडा उमटला. तीन मिनिटं त्रेचाळीस पूर्णांक एक.

जवळजवळ नऊ सेकंदांनी! घाटाच्या शर्यतीत नऊ सेकंद म्हणजे आधी पोचून अंघोळ करून बसण्याइतका वेळ. आमचा तंबू नाचायला लागला. निहालनं फोड आलेल्या हातांनी मला उचललं, मी कितीही ओरडले तरी खाली ठेवीना. ज्यानं सायकलचं विचारलं होतं तो पुढं आला, वाकला आणि मला नमस्कार करून म्हणाला, "मावशी, सतराच का, तेवढं सांगा." मी त्याला तांब्याचं सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मगदूम गर्दीतून वाट काढत आले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "सीट तिची! एक हंगाम नाही अनुताई, तीन! आत्ता लिहून देतो!" मग घसा साफ करून ते निहालकडं वळले. "आणि तू. तुझं यंत्र ठेव. पण आता आधी घाटात जायचं, मग पडद्यासमोर बसायचं."

मी रेडिओ हातात घेतला. तीस वर्षं चाकं केली, इतकं मी कधी जिंकले नव्हते. मग म्हणाले, "शर्वरे, सीट तुझी झाली. तीन वर्षं. ऐकलंस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. "आत्या, मला खाली यायला वेळ लागंल. सगळ्या काचा उघडून हळूहळू येतो. घाट लई देखणा हाय ग, मगाशी बघायलाच मिळाला न्हाई."